कोंडाजीच्या भिंतीवरचा बोका

सोजराबाईनं फुंकणी भिरकावली ती बोक्याला चुकवून थेट दुधाच्या तपेलीवर आदळली. निम्मं दूध चुलीत, निम्मं जमिनीवर, आणि घरभर करपट वास. बोका मात्र जागचा हलला नाही. फुंकणी कुठं गेली ते त्यानं मान वळवून पाहिलं, सांडलेलं दूध पाहिलं, मग खिडकीतून सावकाश खाली उतरला आणि आपल्यासाठीच पान वाढलंय अशा रुबाबात चाटायला बसला.

"मुडद्या! तुज्या बापानं म्हैस बांधलीया व्हय इथं?" सोजराबाई ओरडली.

बोक्यानं एक कान हलवला. दुसरा हलवण्याजोगा नव्हता. कुठल्याशा मारामारीत तो अर्धा फाटला होता.

कणगीवर ठकी शेपूट फुगवून बसली होती आणि घशातल्या घशात शिव्या देत होती. ठकी ही सोजराबाईची घरची मांजर, बाईच्याच तालमीत वाढलेली, तेवढीच तिखट. सोजराबाईचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरात बोलायला ठकी, भांडायला ठकी, आणि कणगीतल्या दाण्याला उंदीर शिवू न देणारीही ठकीच. तिच्या राज्यात हा पिवळा धटिंगण रोज सकाळी येऊन बसत होता, आणि ठकीनं रुसून खाणं टाकलं होतं. सोजराबाईला सांडलेल्या दुधापेक्षा त्याचा राग जास्त होता.

"थांब, आज तुला पोत्यातच घालते," म्हणत तिनं बोक्याची मानगूट धरली आणि उचलला. आता बोचकारणार म्हणून तोंड बाजूला वळवलं. पण बोका तिच्या हातात ओल्या धुण्यासारखा लोंबत राहिला, वर डोळे मिटून घुरघुरायला लागला.

सोजराबाई चमकली. रानटी मांजर असं हातात येत नाही. तिनं त्याच्या पोटाला हात लावून पाहिला. बरगड्या लागत नव्हत्या. अंगावर पिसवा नव्हत्या. आणि त्या फाटक्या कानावर बोटभर पिवळा थर होता. तिनं वास घेतला. हळद, आणि करडईचं तेल. कुणीतरी पळीत गरम करून लावलेलं.

"अगं बाई," ती ठकीला म्हणाली, "ह्याला तर घर हाय."

ठकीनं तोंड फिरवलं.

घर आहे म्हटल्यावर ते कुणाचं हे कळायला हवं. पण गावात विचारत कोण फिरणार? 'सोजराबाई बोक्याची सोयरीक बघतीया' म्हणून बायका महिनाभर हसल्या असत्या. तेव्हा तिनं आपल्या आईची युक्ती केली. जुन्या हिरव्या लुगड्याचा लाल काठ फाडला आणि त्याची चिंधी बोक्याच्या गळ्यात सैलसर बांधली, दोन बोटं आत जातील एवढी. मांजर बेवारशी असलं तर चिंधी तशीच मळून परत येते. घरचं असलं तर घरातलं माणूस ती सोडतं, निदान गाठ तरी बदलतं.

बोका चिंधी मिरवत परसात गेला, मावळतीकडच्या भिंतीवर चढला आणि पलीकडं उतरला. सोजराबाई दारात उभी राहून बघत होती. तिच्या हातातलं पोतेरं हातातच राहिलं. ती भिंत कोंडाजीची होती.

कोंडाजी तिचा चुलतदीर. त्याची बायको मंजुळा आणि सोजराबाई एकाच साली सुना म्हणून कासारवाडीत आल्या, एकाच जात्यावर दळल्या, एकीला ताप आला की दुसरीनं दोन्ही गोठ्यांतलं शेण काढलं. आणि आता दोन वर्षं त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. भावकीचा हुकूम होता. रेल्वेच्या रुळांपलीकडची रानं सरकारला कारखान्यासाठी हवी होती. भावकीनं भैरोबापुढं बेल-भंडारा उचलून शपथ घेतली, की कुणी जमीन द्यायची नाही, कागदावर अंगठा उठवायचा नाही. सगळ्यांनी उचलला, सोजराबाईनंही. आणि महिना उलटायच्या आत कोंडाजीनं अंगठा उठवला, कारण त्याच्या पोराला, ज्योतीरामाला, कारखान्यात घेतो असं कुणी तरी सांगितलं होतं. झालं! भावकीनं घर वाळीत टाकलं. भाकरतुकडा बंद, विस्तव बंद, बोलणं बंद. पुढं बाकीच्यांचीही रानं गेलीच. सरकार काही बेल-भंडाऱ्याला विचारत बसलं नाही. पवनेकाठची चार वावरं तेवढी राहिली, त्यात सोजराबाईचं एक. पण वाळीत टाकलेलं घर वाळीतच राहिलं, कारण ते मागं घ्यायचं तर आधी कुणीतरी तोंड उघडायला हवं होतं, आणि भावकीत तेवढी हिंमत कुणालाच नव्हती.

सोजराबाईलाही पहिल्यांदा खरोखरच राग आला होता. मंजुळेला ऐकू जावं म्हणून ती भिंतीशी उभी राहून नाही नाही ते बोलली होती. राग नंतर गेला, पण तोवर भीती बसली होती. पाणवठ्यावर मंजुळा आली की ती अर्धी घागर घेऊनच निघायची आणि घरी येऊन ठकीवर ओरडायची.

दुसऱ्या दिवशी कारखान्याचा भोंगा झाला आणि बोका आला. गळ्यातली चिंधी गायब. तिच्या जागी दुसरीच पट्टी, खणाची. जांभळ्या रंगावर बारीक पांढरे ठिपके, कडा नीट दुमडून टाके घातलेली.

सोजराबाईनं ती पट्टी बोटांत धरून निरखून पाहिली. तो खण ती ओळखत होती. आळंदीच्या बाजारात, दोघींचे नवरे बैल बघत होते तेव्हा, दोघींनी मिळून तो घेतला होता आणि मधोमध फाडून दोन चोळ्या शिवल्या होत्या. तिची चोळी विरून गेल्याला जमाना झाला. मंजुळेनं आपली अजून जपली होती, आणि आता ती मांजराच्या गळ्यासाठी फाडली होती.

"सटवे," सोजराबाई भिंतीकडं बघत पुटपुटली, "चोळी फाडलीस व्हय गं." आणि तिनं पदरानं डोळे पुसले.

त्या दिवसापासून बोक्याचा थाट बदलला. त्याला जर्मनच्या ताटलीत दूध मिळू लागलं, वर भाकरी कुस्करून. सोजराबाई रोज त्याच्या कानाला तेल लावायची आणि परसात, भिंतीपासून हातभर अंतरावर बसून, मोठ्यानं त्याच्याशी बोलायची. मांजराशी बोलू नये असा काही भावकीचा हुकूम नव्हता.

"काल काय जेवलास रं? बाजरीची भाकर? मंग बाजारातनं बाजरी आणलेली दिसतीया. ज्योतीरामाला सोयरीक आली का न्हाई अजून? न्हाई? येईल, येईल. पोरगा गुणाचा हाय."

पलीकडून उत्तर यायचं नाही. पण धुणं आपटण्याचा आवाज मात्र ती बोलायला लागली की थांबायचा.

ठकीला हे सगळं अजिबात पसंत नव्हतं. "तोंड वाकडं करू नगंस," सोजराबाई तिला दटावायची. "मंजुळीचा हाय त्यो. पाव्हणा हाय."

असं छान चाललं होतं, आणि मग छबूबाई विरजण मागायला आली.

छबूबाई म्हणजे सोजराबाईची थोरली जाऊ, भावकीचे कारभारी रंगराव यांची बायको. गावातल्या कुठल्या बाईच्या पेटीत कुठलं लुगडं आहे ते तिला पेटीवाल्या बाईपेक्षा जास्त ठाऊक. ती वाटी घेऊन आत आली, चुलीशी बसलेला बोका पाहिला, आणि वाकून त्याच्या गळ्याकडं बघतच राहिली.

"सोजरा, ह्यो खण मंजुळीच्या चोळीचा न्हाई व्हय गं?"

"मांजराला इचारा, जाऊबाई."

"आन दूध कुणी घातलंय त्याला?"

"मी. माज्या म्हशीचं हाय."

छबूबाई विरजण न घेताच गेली. वाटीसुद्धा तिथंच विसरली. सोजराबाईनं ती वाटी उचलून फळीवर ठेवली.

रंगराव दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. बरोबर त्यांचा धाकटा चुलतभाऊ दत्तोबा, त्याच्या खांद्यावर रिकामं पोतं. पुण्यात माणसं मुंबईसह महाराष्ट्र मागायला रस्त्यावर उतरली होती, आणि इथं भावकी रात्रभर एका मांजरावर खल करत बसली होती. रंगराव बाहेर खाकरले. सोजराबाई पदर पुढं ओढून दाराआड उभी राहिली.

"सोजराबाई, त्यो बोका कुठाय?"

"आत निजलाय, भावजी."

"बरं. आमी सगळ्यांनी इचार केलाय." रंगराव ओट्यावर टेकले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, उलट पोराला समजवावं तसा मऊ होता. "त्यो बोका बेवारशी हाय. दत्तोबा त्याला पवनेपल्याड, सांगवीच्या शिवारात सोडून येतोय. मारायचा न्हाई, त्या पापापायी काशीला सोन्याचं मांजर कोण वाहणार? नुसता सोडायचा. तुमी एवढंच म्हणा, की व्हय, बेवारशी हाय, कुणाचा त्ये ठावं न्हाई, सांडलेलं दूध खाऊन गेला. मिटलं सगळं."

"आन तसं न्हाई म्हणलं तर?"

"तर त्ये कोंडाजीचं मांजर. मंग त्याला घातलेलं दूध म्हंजी कोंडाजीच्या घरात घातलेला भाकरतुकडा." रंगरावांनी पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. "रानाला वापसा आलाय. दरसाल पेरणीला आमची पाभर पयल्यांदा तुमच्या रानात चालती. औंदा बी चालावी असं मला वाटतं."

हे ते धमकी दिल्यासारखं बोलले नाहीत, आणि तेच वाईट होतं. सोजराबाईकडं बैल नव्हते. हस्ताचा पाऊस होऊन रान आता कुठं पेरणीजोगं झालं होतं. ही ओल चार दिवसांत उडाली की शाळू पेरून उपयोग नाही. शाळू नाही म्हणजे कणगी रिकामी, म्हशीला कडबा नाही, म्हैस गेली की बाई म्हणून गावात राहायचं तरी कशावर? आणि भावकीनं हात काढला की बैल देणारं दुसरं कोण? रंगराव माणूस दुष्ट नव्हता. भाऊ गेल्यापासून त्यांनी भावजयीचं रान कधी पडीक पडू दिलं नव्हतं. आताही तिला सुटायला वाट काढून दिली होती. एक शब्द बोलायचा होता फक्त.

दत्तोबानं पोत्याचं तोंड उघडून धरलं. आत चुलीच्या उबेला बोका पोट वर करून निजला होता, गळ्यात जांभळा खण.

सोजराबाई दाराआडून पुढं आली. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं होतं.

"दत्तोबा, मिट ते पोतं."

"सोजराबाई..." रंगराव म्हणाले.

"न्हाई भावजी, आता मला बोलू द्या. दोन सालं तुमी म्हणला तसं वागले. भैणीवाणी बाई भिंतीपल्याड, ती जगली का मेली इचारलं न्हाई. माणसं वाळीत टाकली, मी गप बसले. आता मांजरं बी टाकायला लागला? बेल-भंडारा ह्यानं उचलला व्हता का?"

दत्तोबाला हसू फुटलं. रंगरावांनी बघताच त्यानं ते खोकल्यात घातलं.

"बेवारशी न्हाई त्यो," सोजराबाई म्हणाली. तिचा आवाज आता गल्लीच्या टोकापर्यंत जात होता. "त्याच्या कानाला हळद कुणी लावली, बेवारशांनी? मंजुळीचा हाय त्यो. आन मी त्याला रोज दूध घालते, उद्या बी घालणार. जावा, सांगा भैरोबापुढं."

"पाभर यायची न्हाई."

"नका आणू."

"पाणवठ्यावर कुणी तुमच्याशी बोलायचं न्हाई."

"बरं हाय. डोस्कं तरी दुखायचं न्हाई माजं."

रंगराव उठले. पागोटं डोक्यावर ठेवलं ते तिरकंच बसलं. "आजपास्नं तुमचं बी तेच," एवढं बोलून ते गेले, मागोमाग रिकामं पोतं घेऊन दत्तोबा.

ते वळणाआड जाईपर्यंत सोजराबाई ताठ उभी होती. मग ती उंबऱ्यावर बसली. तिला भीती वाटत होती. डोळ्यांपुढं पडीक वावर येत होतं. तिला रडूही आलं, पण ते निम्मं संतापाचं होतं आणि निम्मं तिला स्वतःलाच कळत नव्हतं कशाचं. एवढं बोलले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच छाती भरून श्वास घेता येतोय, हे मात्र तिला कळत होतं.

ठकी येऊन तिच्या पायाशी बसली.

"बघितलंस?" सोजराबाई नाक ओढत म्हणाली. "वाळीत पडलो बग आपुन. आता पडलोच हाय तर शेजारणीच्या घरी जाऊन येऊ की."

तिनं बोक्याला काखेत मारलं आणि निघाली. परसातल्या भिंतीला खिंडार होतं, तिथून चार पावलांत गेली असती. पण ती गल्लीनं गेली, देवळासमोरून. पारावर माणसं बसली होती, ती बोलायची थांबली. सोजराबाईनं कुणाकडं पाहिलं नाही, पण चाल मुद्दाम संथ ठेवली. काखेतून बोक्याची शेपटी लोंबत होती.

मंजुळा अंगणात गोवऱ्या थापत होती. सोजराबाईनं तिला इतक्या जवळून कैक दिवसांत पाहिलं नव्हतं. केस पांढरे झाले होते, हाताची हाडं वर आली होती. पलीकडं गोठ्यात कोंडाजीचे दोन बैल रवंथ करत बसले होते. रान गेलं, पण बैल विकायला त्याचा जीव झाला नव्हता. मंजुळेनं वर पाहिलं आणि शेणाचा गोळा तिच्या हातातच राहिला.

सोजराबाई आणखी क्षणभर गप्प राहिली असती तर तिला रडू आलं असतं. म्हणून ती भांडायलाच लागली.

"घे. तुजा बोका. एक मांजर राखता येत न्हाई व्हय तुला? रोज माज्या दुधावर टपलेलं असतंय!"

"माजा?" मंजुळा म्हणाली.

"मंग कुणाचा?"

"अगं... त्यो तुजा न्हाई व्हय?"

बोक्यानं सोजराबाईच्या काखेतून अंग सोडवून घेतलं आणि गोवऱ्यांच्या कडेनं चालत थेट मंजुळेच्या चुलीकडं गेला.

"आमच्यात मांजर कुठाय?" मंजुळा म्हणाली. दोन वर्षांचं साचलेलं एकदम बाहेर पडत होतं आणि शब्द एकमेकांवर आदळत होते. "त्यो रोज तुज्याकडनं भिंतीवरनं यायचा, पोट भरून. म्हणलं सोजरीनं ठकीला जोड आणलीया. कान फाटलेला व्हता, तुजी नजर आता कमी झाली असंल, दिसला नसंल, म्हणून मी हळद लावली. तुजा म्हणून गं, न्हाईतर कोण लावतंय? आन मंग गळ्यात तुज्या लुगड्याचा काठ आला. मला वाटलं..." ती थांबली. हाताला शेण होतं म्हणून तिनं दंडानंच डोळे पुसले. "मला वाटलं तू इचारतीयास. म्हणून चोळी फाडली."

सोजराबाई ओट्यावर बसली. म्हणजे रंगराव खरं बोलत होते. बोका कुणाचाच नव्हता. दोन्ही घरचं खात होता, दोन्ही घरी लाडका होता, आणि होता बेवारशीच. त्याच्यापायी तिनं पेरणी घालवली होती.

तिनं सकाळचं सगळं सांगितलं, पोत्यापासून पाभरीपर्यंत. मंजुळा ऐकत गेली आणि तिच्या तोंडचा रंग उतरत गेला.

"सोजरे, अजून येळ गेली न्हाई," ती घाईनं म्हणाली. "आत्ताच्या आत्ता जा. भावजींस्नी सांग, खरंच बेवारशी निगाला म्हणून. खोटं बी न्हाई त्यात. तुजी पेरणी व्हईल. आमचं काय, आमाला सवय झाली. ऊठ."

सोजराबाई उठली नाही. तिनं अंगणाबाहेर पाहिलं. पारावरची दोन-तीन माणसं आता गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी होती, आणि छबूबाई घागर भरलेली असतानाही पाण्याला निघाली होती.

"मंजुळे," ती म्हणाली, "पाणी दे मला."

"अगं, पण..."

"तहान लागलीया. दे."

मंजुळेनं हात धुतले आणि आतून तांब्या आणला. सोजराबाई तो घेऊन अंगणाच्या मधोमध गेली, गल्लीकडं तोंड केलं आणि उभ्यानं, सगळ्यांना दिसेल असं, तांब्या रिकामा होईपर्यंत प्याली. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी पदरानं पुसलं आणि तांब्या परत दिला.

"गोड हाय," ती म्हणाली.

गोठ्याच्या दारात कोंडाजी कधीचा उभा होता. दोन वर्षांत घराबाहेरच्या माणसाशी बोलायची त्याची सवय मोडली होती. त्यानं दोनदा घसा साफ केला.

"वैनी," तो म्हणाला, "वापसा आलाय न्हाई तुमच्या रानाला?"

"आलाय."

"माजं बैल बसून बसून माजल्यात," कोंडाजी म्हणाला आणि पाभर काढायला आत गेला.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला पवनेकाठी पाभर चालू झाली. पहिलं तास, म्हणजे पेरणीची पहिली ओळ, धरताना थोडी कुरबूर झाली. पाभरीमागून चालत चाड्यात बी सोडायची मूठ दरसाल छबूबाई धरायची, सवाष्णीचा हात म्हणून. सोजराबाईनं बियाण्याची ओटी मंजुळेपुढं केली. मंजुळेनं ती परत तिच्याच कमरेला बांधली.

"रान तुजं, मूठ तुजी," ती म्हणाली. "आता वाळीत टाकल्यावर आनखी काय करणार हायेत?"

सोजराबाई पाभरीमागं चालू लागली. काळ्याभोर ओलसर ढेकळांत बी पडत होतं आणि तिसऱ्या तासाला तिची मूठ पाभरीच्या चालीशी जुळली. मंजुळा बांधावर न्याहारी घेऊन बसली होती. तिच्या शेजारी बोका; घरी ठकी त्याला राहू देईना म्हणून आणलेला. त्याच्या गळ्यात आता लाल काठ आणि जांभळा खण एकत्र गुंफून बांधलेले होते.

रंगरावांचं वावर पलीकडंच होतं. ते आपली पाभर दत्तोबाच्या हाती देऊन बांधावर येऊन उभे राहिले. कोंडाजीचे बैल त्यांनी पाहिले. भावजयीच्या कमरेला बियाण्याची ओटी पाहिली. मग त्यांची नजर बोक्यावर गेली आणि तिथंच अडकली. तास संपून बैल वळले, पुन्हा आले, तरी ते बोक्याकडंच बघत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"आरं, पण खरं तरी सांगा," ते मोठ्यानं म्हणाले, "त्यो बोका शेवटी हाय तरी कुणाचा?"

"मंजुळीचा," सोजराबाई म्हणाली.

"सोजरीचा," मंजुळा म्हणाली.

एकाच वेळी. कोंडाजीनं बैल थांबवले. पलीकडच्या वावरातून दत्तोबाचा आवाज आला, हसू दाबत, पण चांगला खणखणीत.

"दादा, बोललात की तुमी!"

रंगरावांचा हात उगाचच पागोट्याकडं गेला.

सोजराबाईनं पदर सारखा केला आणि ओटीतून नवी मूठ भरली.

"आता बोललाच हायसा तर एक सांगते, भावजी," ती म्हणाली. "सांजच्याला जाऊबाईंना विरजण न्यायला धाडा. त्या दिशी वाटी तशीच ऱ्हायली त्यांची."

कोंडाजीनं बैलांना हाक घातली. पाभर हलली, सोजराबाई मागोमाग निघाली, आणि तासाच्या दुसऱ्या टोकाला पोचून बैल वळले तरी रंगराव तिथंच बांधावर उभे होते.